गच्चीवरचं हवामान केंद्र: मुंबईत कुठल्या आकड्यावर भरवसा ठेवायचा

'सेव्हन-इन-वन वायफाय वेदर स्टेशन' या नावाने जो प्रकार सध्या ऑनलाइन मिळतो, त्याबद्दल हे लिहिलं आहे. एका दांड्यावर बसवायचा पांढरा सेन्सर आणि घरात ठेवायचा स्क्रीनवाला कन्सोल, असे त्याचे दोन भाग. तापमान, आर्द्रता, पाऊस, वाऱ्याचा वेग, वाऱ्याची दिशा, सूर्यप्रकाश आणि यूव्ही या सात गोष्टी बाहेरचा सेन्सर मोजतो. हवेचा दाब मोजणारा आठवा सेन्सर कन्सोलच्या आतच असतो. बाजारात याची नावं वेगवेगळी असली तरी बरेचसे मॉडेल आतून जवळपास सारखेच असतात. म्हणून इथे कंपनीपेक्षा या प्रकारच्या यंत्राचा विचार केला आहे.

मत आधीच सांगून टाकतो. मुंबईत राहणाऱ्याने हे यंत्र पाऊस आणि दवबिंदू (हवा ज्या तापमानापर्यंत गार झाली की तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं, ते तापमान) या दोन आकड्यांसाठी घ्यावं. त्या दोन्हींत ते दिलेल्या पैशाचं पुरेपूर काम करतं. दाबाचा आकडा कसा वाचायचा ते कळलं तर तोही उपयोगी. वारा आणि दुपारचं तापमान हे मात्र बहुतेक इमारतींत शहराच्या हवेचे नसतात, तुमच्या गच्चीचे असतात. आणि कन्सोलवर सूर्य, ढग, पाऊस अशी जी चित्रं येतात, त्यांच्याकडे मुंबईत अजिबात लक्ष देऊ नये. का, ते पुढे येईलच.

पावसापासून सुरू करू. स्वतःचा पर्जन्यमापक का हवा, याचं उत्तर २६ जुलै २००५ ने कायमचं देऊन ठेवलं आहे. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला, आणि त्याच शहरात कुलाब्याला जेमतेम ७३ मिमी. एरवीही दहिसरला झोडपत असताना दादर कोरडं असतं. मनपाची स्वयंचलित केंद्रं शहरभर आहेत, त्यांचे आकडे जरूर पाहावेत. पण आपल्या गल्लीत किती पडला ते आपल्याच गच्चीवर कळतं.

सेन्सरच्या वरच्या नरसाळ्याखाली एक छोटा दुकप्पी डोलता चमचा असतो, त्याला टिपिंग बकेट म्हणतात. एक कप्पा भरला की तो कलंडतो, पाणी सांडतो आणि दुसरा कप्पा वर येतो. प्रत्येक कलंडण्याला एक चुंबक स्विच चालवतो आणि एक नोंद होते. मॉडेलप्रमाणे एक नोंद म्हणजे ०.१ ते ०.३ मिमी. इथेच मुंबईची अडचण सुरू होते. ०.३ मिमीच्या बकेटला तासाला १०० मिमीच्या वेगाने पाऊस पडताना दर ११ सेकंदांनी कलंडावं लागतं, २०० मिमीच्या वेगाला दर साडेपाच सेकंदांनी. कलंडताना मधल्या क्षणात जे पाणी पडतं ते मोजलं जात नाही. म्हणजे पाऊस जितका जोरदार, तितका आकडा कमी. रिपरिपीत हे यंत्र अचूक असतं, पण ज्या सरींसाठी आपण ते घेतलं त्यांतच मागे पडतं.

यावर उपाय आहे, आणि तो घरच्या घरी करता येतो. नरसाळ्याच्या तोंडाचा आतला व्यास पट्टीने मोजा. समजा ११ सेंमी आला, तर क्षेत्रफळ साधारण ९५ चौरस सेंमी. म्हणजे १ मिमी पावसाला साडेनऊ मिलिलिटर पाणी. आता एका प्लास्टिकच्या बाटलीच्या बुचाला सुईने भोक पाडा, मोजून ५०० मिलिलिटर पाणी भरा आणि बाटली उलटी धरून ते नरसाळ्यात ठिबकू द्या. बाटलीच्या बुडालाही हवेसाठी एक भोक लागेल. हे पाणी संपायला पाऊण ते एक तास लागला पाहिजे. नोंद ५२.६ मिमीच्या आसपास यायला हवी. ४७.५ आली तर ५२.६ भागिले ४७.५, म्हणजे १.११. ॲपमध्ये 'रेन गेन' किंवा 'रेन कॅलिब्रेशन' असं जे असतं तिथे हा गुणक टाकायचा. त्याच पाण्याची दुसरी फेरी मोठ्या भोकाने पंधरा मिनिटांत करून पाहा. तो वेग तासाला २०० मिमीच्या वर जातो. दोन फेऱ्यांतला फरक म्हणजे मुसळधार पावसात तुमचं यंत्र किती खातं त्याचा हिशोब. गुणक संथ फेरीवरूनच ठरवा, आणि दुसरा आकडा डोक्यात ठेवा. दोन्हींची सरासरी काढून टाकलीत तर रोजचा साधा पाऊस फुगून दिसेल.

चाचणी करताना सेन्सर लेव्हलमध्ये असला पाहिजे. वर बुडबुड्याची छोटी लेव्हल बसवलेली असते, ती बघा. दांडा थोडा जरी कलला तरी एक कप्पा लवकर भरतो, दुसरा उशिरा, आणि मग कुठल्याही गुणकाने ते सुधारत नाही.

पर्जन्यमापक चुकण्याचं सर्वांत नेहमीचं कारण मात्र यातलं काहीच नसतं. नरसाळं तुंबलेलं असतं. गुलमोहोराची बारीक पानं, उन्हाळाभर साचलेली काळी धूळ, कबुतरांची विष्ठा आणि आत कोळ्याने केलेलं जाळं, यांतलं एक पुरतं. तुंबलेलं नरसाळं ओळखायची खूण सोपी आहे. पाऊस थांबल्यावरही तासन् तास थेंबाथेंबाने नोंद होत राहते आणि सरीच्या वेळचा आलेख चपटा दिसतो. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात नरसाळं उघडून धुवा, जुलैत एकदा परत बघा. कडेला नायलॉनच्या केबल टाय उभ्या टोकांसकट बांधल्या की कबुतरं आणि कावळे बसत नाहीत. टोकं कापू नका, तीच कामाची असतात. आणि हात लावण्याआधी कन्सोलची वेळ लिहून ठेवा, कारण साफसफाईत बकेट हलली तर तितका खोटा पाऊस नोंदला जातो.

काही नव्या मॉडेलांत बकेटच नसते. थेंब आदळल्याचा धक्का मोजणारी सपाट चकती असते. तिला साफसफाई जवळजवळ लागत नाही, म्हणून मोह होतो. पण बारीक भुरभुर तिला कळत नाही, आणि दांडा वाऱ्याने थरथरला तर पाऊस नसताना पाऊस दाखवते. पाऊस हेच मुख्य कारण असेल तर बकेटवालंच घ्या.

आता कन्सोलवरचे पावसाचे आकडे. 'रेन रेट' आणि 'तासाचा पाऊस' यांत लोकांची फार गल्लत होते. रेट ९० दिसला म्हणजे ९० मिमी पाऊस पडला असं नाही, याच जोराने तासभर पडला तर ९० पडेल एवढाच त्याचा अर्थ. ती सर पाच मिनिटांत ओसरली तर प्रत्यक्ष पडला साडेसात मिमी. पाणी तुंबण्याचा अंदाज घ्यायचा तर तासाचा पाऊस पाहा. मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मिमीच्या हिशोबाने बांधलेल्या, त्या सुधारण्याच्या ब्रिमस्टोवॅड प्रकल्पात ती क्षमता ५० मिमीपर्यंत नेण्याचं ठरलं. उंच भरतीत या वाहिन्यांतलं पाणी समुद्रात नीट उतरत नाही. मनपा पावसाळ्याआधी साडेचार मीटरपेक्षा उंच भरतीच्या दिवसांची यादी काढते. ती यादी कन्सोलजवळ चिकटवून ठेवावी. भरतीची वेळ तासाभरावर आहे आणि तासाचा पाऊस ४० च्या पुढे चालला आहे, एवढं दिसलं की तळघरातली गाडी वर काढायची. या एका वापरासाठीसुद्धा हे यंत्र घरात असावं असं आमचं ठाम मत आहे.

वेधशाळेच्या आकड्याशी तुलना करताना वेळ सांभाळा. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा असतो, कन्सोलचा मध्यरात्री बदलतो. रात्री अकरा ते तीन कोसळलेला पाऊस तुमच्याकडे दोन तारखांत विभागला जातो, त्यांच्याकडे एकाच. ॲपमधून तासातासाचे आकडे घेऊन साडेआठला बेरीज केली तरच तुलना खरी. मग ती बेरीज त्यांच्याच मोजपट्टीवर ठेवता येते: ६४.५ मिमीपासून पुढे जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार, २०४.५ आणि त्यावर अत्यंत जोरदार.

दुसरा कामाचा आकडा दवबिंदू. कन्सोलवर तो 'ड्यू पॉइंट' म्हणून कोपऱ्यात असतो आणि सगळे त्याच्याकडे दुर्लक्ष करून आर्द्रतेची टक्केवारी बघत बसतात. टक्केवारी तापमानाबरोबर हलते. सकाळी २४ अंशांना ९० टक्के आणि दुपारी ३३ अंशांना ५५ टक्के, हे वाचून वाटतं की हवा सुकली. दोन्ही वेळी दवबिंदू २२-२३ अंशच आहे. हवेतलं बाष्प तेवढंच, घामही तेवढाच वाळणार. दवबिंदू २० च्या खाली असेल तर मुंबईकराला हवा सुखाची वाटते. २४ च्या वर गेला की पंख्याखालीही चिकचिक, आणि पावसाळ्यात तो दिवसचे दिवस २४ ते २६ वर बसून असतो.

याचा घरातला उपयोग असा. बाहेर २८ अंश आणि ९० टक्के, म्हणजे दवबिंदू २६ च्या थोडा वर. एसी चालवून खोलीची भिंत २४-२५ अंशांवर आली आहे आणि आता कुणी 'जरा हवा येऊ दे' म्हणून खिडकी उघडली, तर ते बाष्प थेट थंड भिंतीवर, कपाटाच्या मागच्या बाजूला आणि फरशीवर पाणी होऊन बसणार. बुरशी तिथूनच सुरू होते. कन्सोल घरातलं तापमान आणि आर्द्रताही दाखवतो. घरात ३० अंश आणि ७० टक्के असेल तर दवबिंदू २४ च्या जरासा खाली. नियम एवढाच: बाहेरचा दवबिंदू घरातल्यापेक्षा कमी असेल तर खिडक्या उघडून घर सुकवा, जास्त असेल तर बंद ठेवा. चामड्याच्या चपला, पुस्तकं, कॅमेऱ्याच्या लेन्स, पेटीतल्या पैठण्या, सगळ्यांना हाच नियम लागू.

आणि एक गोष्ट जी पाहताना खरोखर आनंद होतो. मार्चमधल्या तापलेल्या दिवशी अकराच्या सुमाराला आलेख उघडून ठेवा. वारा ईशान्य किंवा पूर्वेकडून, म्हणजे जमिनीवरून, तापमान ३५, आर्द्रता २५ टक्के, दवबिंदू १२. मग वाऱ्याची दिशा वायव्येकडे वळते, तापमानाची चढण तिथेच थांबून एक-दोन अंश खाली येते, आणि दवबिंदू अर्ध्या तासात १२ वरून २१ वर उडी मारतो. हे खारे वारे आत आले. ते अकरा-बाराला आले तर दुपार सुसह्य, दोन वाजेपर्यंत अडले तर पारा ३८-४० कडे जातो. किनाऱ्यावरच्या ठिकाणी ३७ अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त असं झालं की हवामान खातं उष्णतेची लाट म्हणतं. मुंबईत ती लाट येते की नाही, हे बहुतेक वेळा खाऱ्या वाऱ्यांच्या वेळेवर ठरतं, आणि ती वेळ तुमच्या कन्सोलवर मिनिटासकट दिसते.

आर्द्रतेचा सेन्सर मात्र इथे लवकर बिघडतो. महिनोन् महिने दमट हवा, वर समुद्राचं मीठ. पाऊस संपून ऊन पडलं तरी ९९ वरून हलत नसेल तर तो गेला असं लगेच समजू नका. आधी दोन-तीन कोरडे दिवस द्या. मग मिठाची चाचणी करा. बाटलीच्या बुचात साधं मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकेच थेंब पाणी घाला. मीठ विरघळून गेलं तर पाणी जास्त झालं. हे बूच आणि सेन्सर हवाबंद डब्यात किंवा घट्ट बांधलेल्या जाड प्लास्टिक पिशवीत रात्रभर, सावलीत, तापमान फार बदलणार नाही अशा जागी ठेवा. सकाळी आकडा ७५ असायला हवा. ७९ आला तर ॲपमध्ये उणे ४. फरक दहाच्या पुढे असेल तर सेन्सर बदलायची वेळ झाली. घेतानाच पाहून घ्या की तापमान-आर्द्रतेचा तुकडा वेगळा काढता येतो का. येत नसेल तर एवढ्याशा भागासाठी अख्खा सेन्सर टाकावा लागतो, आणि हा या यंत्रांचा सर्वांत मोठा दोष आहे.

तापमानाबद्दल. सेन्सर ज्या पांढऱ्या थाळ्यांच्या आड बसतो तो आडोसा लहान असतो. वारा पडलेला, ऊन कडक आणि खाली तापलेली गच्ची, अशा वेळी आकडा खऱ्यापेक्षा दोन-तीन अंश सहज जास्त येतो. डांबरी शीट घातलेली काळी गच्ची असेल तर आणखी, चायना मोझॅकची पांढरी असेल तर कमी. एसीच्या बाहेरच्या युनिटजवळ किंवा ग्रिलच्या आत लावलेल्या सेन्सरचं तर बोलायलाच नको. खरा दोष सेन्सरचा की जागेचा हे ओळखायचं तर पावसाळ्यातल्या ढगाळ, वाऱ्याच्या दिवशी सांताक्रूझ किंवा कुलाब्यापैकी जवळच्या वेधशाळेशी ताडून पाहा. तेव्हा ऊन नसतं, त्यामुळे जो फरक उरतो तो बहुतांशी सेन्सरचा. तेवढाच दुरुस्त करा. उन्हाच्या दुपारी दिसणारा जादा फरक जागेचा असतो. तो दुरुस्तीत धरलात तर रात्रीचं तापमान चुकेल.

दाबाला दोन आकडे असतात, निरपेक्ष (कन्सोल ठेवला तिथे मोजलेला) आणि सापेक्ष (समुद्रसपाटीला धरून काढलेला). उंचीमुळे दाब घटतो, साधारण दर नऊ मीटरला एक हेक्टोपास्कल. दहाव्या मजल्यावर तीन-साडेतीनचा फरक पडतो, पंचविसाव्यावर आठ-नऊचा. म्हणून सापेक्ष दाब समुद्रसपाटीवर आणून ठेवावा लागतो. मुंबई विमानतळाचा मेटार, म्हणजे विमानांसाठीचा हवेचा अहवाल, दर अर्ध्या तासाने येतो, त्यात क्यू अक्षरापुढे चार आकडे असतात, तोच दाब. तो अपूर्णांक सोडून दिलेला असतो, म्हणून तीन-चार वेळा ताडून सरासरी फरक कन्सोलमध्ये भरा.

आता त्या चित्रांचं. कन्सोल दाब घसरला की ढग किंवा पाऊस दाखवतो, चढला की सूर्य. युरोपसारख्या प्रदेशात हे बऱ्यापैकी जमतं. आपल्याकडे उष्ण कटिबंधात दाब रोजच भरती-ओहोटीसारखा हलतो. सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमारास वर, पहाटे चार आणि दुपारी चारच्या सुमारास खाली. दहा ते चारमध्ये तीन-चार हेक्टोपास्कलची घट निरभ्र जानेवारीतही होते. कन्सोल बिचारा रोज दुपारी पावसाचा ढग काढतो. उलट जुलैत दाबात वेगळं काही दिसत नसताना सरींवर सरी येतात. दाब वाचायचा तो कालच्या याच वेळेशी ताडून. काल दुपारी चारला १००५ आणि आज चारला १००१, तर अरबी समुद्रात किंवा किनाऱ्याजवळ काहीतरी बनतं आहे, खात्याचं बुलेटिन उघडा. १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ मुंबईसमोरून गेलं, तेव्हासारख्या दिवशी अशी घसरण तासातासाला दिसते.

वारा मोजायची नियमातली उंची मोकळ्या जमिनीवर १० मीटर. आपल्या गच्चीवर कठडा, पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, शेजारचा टॉवर, या सगळ्यांवर आपटून वारा गरगरत येतो. दांडा कठड्यापेक्षा निदान दोन-तीन मीटर उंच असला तर आकड्याला काही अर्थ राहतो. त्यातही सरासरीपेक्षा झोत, म्हणजे 'गस्ट', जास्त कामाचा. झाडांच्या कुंड्या आणि ताडपत्र्या कधी आवरायच्या ते त्यावरून ठरवता येतं. दिशेसाठी सेन्सरवर उत्तरेची खूण असते. मोबाइलचा कंपास गच्चीवरच्या लोखंडामुळे भरकटतो, म्हणून नकाशावर दूरची ओळखीची इमारत किंवा मनोरा शोधा आणि त्या रेषेवरून उत्तर काढा.

सूर्यप्रकाश आणि यूव्ही बघायला छान, त्यावर काही ठरवू नये. काच धुळीने माखली की आकडा गपचूप घटतो. एक चाचणी मात्र करता येते. मुंबईत शून्य सावलीचा दिवस मेच्या मध्याला येतो, सूर्य डोक्यावर येतो साधारण १२ वाजून ३५ मिनिटांनी. आकाश निरभ्र असेल तर तेव्हा चौरस मीटरला हजार वॅटच्या आसपास दिसायला हवं. सातशेच दिसलं तर फडकं घेऊन वर जा.

बसवण्याबद्दल थोडं. सोसायटीच्या कमिटीची लेखी परवानगी आधी घ्या, आणि गच्चीच्या कोब्याला ड्रिल लावू नका. वॉटरप्रूफिंग फुटलं तर वरच्या मजल्यावरच्यांच्या छतातून पाणी येईल आणि यंत्र पहिल्याच पावसाळ्यात खाली उतरेल. टाकीच्या लोखंडी सांगाड्याला किंवा कठड्याच्या रेलिंगला यू-क्लॅम्पने जीआय पाइप आवळा. समुद्राजवळ असाल तर नट-बोल्ट ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या, नागदेवी स्ट्रीटवर मिळतात. साधे एका पावसाळ्यात गंजून जाम होतात आणि मग सेन्सर काढताना प्लास्टिकचा कान तुटतो. दांडा इमारतीच्या वीजरोधकापेक्षा उंच जाऊ देऊ नका.

मॉडेल ४३३ मेगाहर्ट्झचं घ्या, अमेरिकेसाठीचं ९१५ चं नको. सुटा सेन्सर नंतर मागवताना हा आकडा जुळला नाही तर कन्सोलला तो दिसणारच नाही. जाहिरातीतलं १०० मीटरचं अंतर मोकळ्या मैदानातलं आहे, मध्ये आरसीसीचे तीन-चार स्लॅब आले की सिग्नल तुटतो. कन्सोल वरच्या मजल्यावर किंवा गच्चीकडे उघडणाऱ्या खिडकीशी ठेवावा. वायफाय २.४ गिगाहर्ट्झचंच लागतं. राउटरने दोन्ही बँड एका नावाखाली ठेवले असतील तर जोडणी वारंवार फसते, सेटअपपुरता ५ चा बँड बंद करा.

सेन्सरवर छोटं सोलर पॅनेल असतं, पण जुलैतले ढगाळ आठवडे त्याच्या आवाक्याबाहेरचे, तेव्हा सगळा भार सेलवर येतो. साधे अल्कलाइन सेल दमट हवेत पाझरून संपर्काच्या पट्ट्या खातात. लिथियमचे, रिचार्ज न होणारे सेल मेमध्येच घाला. शिवाय राउटरला आणि कन्सोलला एक छोटा यूपीएस जोडा. ज्या रात्री सर्वांत जास्त पाऊस पडतो त्याच रात्री वीज जाते, आणि ज्या कन्सोलला स्वतःची पुरेशी मेमरी नाही त्याच्या आलेखात नेमकी तीच रात्र कोरी राहते.